तुम्ही विचारलंत म्हणून : थीम पार्कच्या स्वस्त हॉटेलात राहावं का?

"ओरलँडोला चाललोय. डिस्नेच्याच आवारातलं स्वस्त हॉटेल घेऊ, की पैसे टाकून भारीतलं घेऊ, की सरळ बाहेर राहू?" ओरलँडो म्हणजे अमेरिकेतलं थीम पार्कांचं शहर, आणि सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. लोकांना एका शब्दात उत्तर हवं असतं. मी मात्र आधी त्यांनाच विचारते, की तुम्ही खोलीत किती तास जागे असणार आहात? खिशाचा प्रश्न त्यानंतर येतो.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर राहिलो होतो. नाव सांगत नाही, पण खोली प्रशस्त होती, भाडं कमी होतं आणि पार्कपर्यंत फुकट बस होती. ती बस सकाळी एकदा जायची आणि रात्री ठरलेल्या वेळी परत आणायची, मध्ये काही नाही. संध्याकाळी सहाला धाकटा गळून गेला. मी त्याला मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या कठड्यावर तीन तास बसले होते. समोरून डिस्नेच्या हॉटेलांच्या बसगाड्या एकामागून एक सुटत होत्या आणि त्यांत आमच्यासारखीच, पेंगुळलेली मुलं खांद्यावर घेतलेली माणसं चढत होती. पुढच्या दोन्ही खेपांना आम्ही आत राहिलो, सगळ्यात स्वस्त दर्जाच्या हॉटेलात.

हा दर्जा पहिल्यापासून नव्हता. ओरलँडोचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1971 साली उघडलं तेव्हा तिथे कॉन्टेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन मोठी हॉटेलं होती. पार्कला नेणारी मोनोरेल त्यांच्या दारात थांबते. परवडणाऱ्या माणसाने तिथे उतरावं, नाहीतर तंबू ठोकण्याच्या तळावर राहावं. बाकीच्यांसाठी हद्दीबाहेर मोटेलांची, म्हणजे रस्त्याकडेच्या स्वस्त हॉटेलांची, रांग उभी राहिली. 1988 मध्ये कॅरिबियन बीच हे मधल्या दर्जाचं हॉटेल आलं आणि 1994 मध्ये ऑल-स्टार स्पोर्ट्स आणि ऑल-स्टार म्युझिक ही खरी स्वस्त हॉटेलं उघडली. ऑल-स्टार मूव्हीज 1999 चं, पॉप सेंच्युरी 2003 चं आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन 2012 चं. एकट्या पॉप सेंच्युरीत 2,880 खोल्या आहेत. मोटेलात उतरणारं कुटुंब आपल्या आवारात यावं म्हणून हे बांधलेलं आहे, आणि हे लक्षात ठेवलं की तिथली प्रत्येक गोष्ट उलगडत जाते.

पैसा कुठे वाचवलाय ते बघा. खोली साधारण 260 चौरस फुटांची आहे. मोनोरेलवाल्या हॉटेलांतली 400 च्या आसपास भरते. आतून जाणारा गार बोळ बहुतेक ठिकाणी नाही. खोलीचं दार थेट उघड्या व्हरांड्यात उघडतं, त्यामुळे बोळ गार ठेवायचा, सजवायचा, गालिचे धुवायचे हा सगळा खर्चच उरत नाही. पंगतीने बसवून वाढणारं रेस्टॉरंट नाही, फूड कोर्ट आहे. शेकडो खोल्या एकाच साच्यातल्या. आणि जागा अशी निवडलेली, की पार्कला चालत जाता येणार नाही.

आता पैसा कुठे ओतलाय ते बघा. पॉप सेंच्युरीत इमारतीला लागून चार मजली यो-यो उभे आहेत. पलीकडे तेवढ्याच बोलिंगच्या पिना, रुबिकचा घन, फूसबॉलचे, म्हणजे टेबलावरच्या फुटबॉलचे, खेळाडू. ही नुसती शोभाही नाही, यातल्या कित्येकांच्या पोटात जिने आहेत. ऑल-स्टार म्युझिकला गिटारच्या आकाराचा पोहण्याचा तलाव आहे. मोठ्या माणसांना हे भडक वाटतं, आणि प्रवासाची जाण असलेले माझे मित्र या हॉटेलांबद्दल नाक मुरडतात ते यामुळेच. मला ते पटत नाही, कारण हे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीसाठी केलेलंच नाही.

आम्ही पॉप सेंच्युरीत उतरलो तेव्हा आमचा धाकटा पाच वर्षांचा होता. बसमधून उतरून आम्ही बॅगा मोजत होतो आणि तो यो-योसमोर मान मागे टाकून उभा राहिला, इतकी मागे की टोपी पडली. ती त्याने उचलली नाही. मग जवळ गेला, तळहात सपाट करून त्यावर टेकवला आणि मला म्हणाला, "आई, हा कुणाचा आहे?" आम्ही अजून पार्कचं तिकीटही दाखवलं नव्हतं, त्याच्या लेखी पार्क सुरू झालं होतं. महागड्या हॉटेलाच्या लॉबीतलं झुंबर आणि संगमरवर बघून पाच वर्षांचं मूल असं थांबत नाही. म्हणून माझं पहिलं उत्तर हे, की चार ते दहा वर्षांची मुलं असतील तर निःशंक जा.

खोलीचंही सांगते, कारण लोक तिच्या आकाराला घाबरतात. पॉप सेंच्युरीच्या खोल्यांत एक पलंग कायमचा असतो आणि दुसरा भिंतीत मिटलेला. दिवसा त्या मिटलेल्या पलंगाच्या जागी टेबल असतं. रात्री वरून धरून ओढलं की टेबल खाली जातं, पलंग येतो, आणि मागच्या भिंतीवरचं चित्र उघडं पडतं. आमची थोरली रोज रात्री हे काम स्वतः करायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. चार माणसं त्या खोलीत नीट झोपतात. चार माणसं तिथे बसून पावसाळी दुपार काढू शकत नाहीत, तेही खरं. पाच-सहा जण असाल तर आर्ट ऑफ ॲनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिकमध्ये सहा जणांचे सुइट आहेत, दोन बाथरूमवाले. मात्र आर्ट ऑफ ॲनिमेशनच्या सुइटचं भाडं बऱ्याचदा मधल्या दर्जाच्या हॉटेलाच्याही वर जातं. तेव्हा दोन साध्या खोल्या घेऊन हिशेब करून बघा.

लहान मुलं नसली तरी ही हॉटेलं कुणाला आवडतात, ते मला कळलं धुलाईच्या खोलीत. पोहण्याच्या तलावाशेजारी कपडे धुण्याची यंत्रं असतात. रात्री दहानंतर मी गेले तर सगळी चालू. एका बाईंनी तीन यंत्रं अडवली होती आणि सगळ्यांत एकाच रंगाच्या जर्सी फिरत होत्या. आवारातच ईएसपीएन वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स हे क्रीडासंकुल आहे, तिथे मुलांच्या स्पर्धा भरतात, आणि संघ उतरतात ते बहुतेक ऑल-स्टारसारख्या हॉटेलांत. बाई एका खेळाडूची आई होत्या आणि अख्ख्या संघाचे कपडे धुवायचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एक जर्सी बाहेर काढून त्यांनी दिव्याखाली धरली, गुडघ्यावर पडल्यावर लागतो तसा गवताचा डाग अंगठ्याने घासून पाहिला आणि पुन्हा आत टाकली. शेजारी एक तरुण मुलगा एकटाच बसला होता. वर्षाचा पास काढलेला, जमेल तेव्हा दोन रात्रींसाठी येतो म्हणाला. त्याला पाठ टेकायला आणि चार्जिंगला जागा पुरते. जानेवारीत मॅरेथॉनच्या सुमारास धावणारे येतात. ते पहाटे तीनला खोली सोडतात, त्यांनी मोठ्या खिडकीचे पैसे कशाला भरायचे? या सगळ्यांत सारखं काय, तर खोली त्यांना रात्रीपुरती हवी असते आणि सकाळी लवकर दाराशी पोचायचं असतं.

इथे स्वस्त हॉटेलवाल्याला मिळतं ते पुष्कळ आहे. डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात उतरलेल्याला रोज, डिस्नेच्या चारही पार्कांत, उघडण्याच्या अर्धा तास आधी आत सोडतात. सगळ्यात स्वस्त खोलीलाही तोच अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दोन मोठ्या राइड उरकल्या तर दुपारच्या दोन मोठ्या रांगा वाचतात. रात्री पार्क बंद झाल्यावरचे जादा तास मात्र भारीतल्या हॉटेलांपुरते आहेत. ओरलँडोतच युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीची पार्कं आहेत, तिथे फरक जास्त बोचतो. तिथल्या सर्फसाइड आणि डॉकसाइड या स्वस्त जोडीत मिळून 2,800 खोल्या आहेत आणि सकाळचा लवकर प्रवेश त्यांनाही आहे. पण रांग टाळणारा एक्सप्रेस पास भाड्यातच मिळतो तो फक्त तीन महागड्या हॉटेलांत. गर्दीच्या दिवसांत चौघांचे पास वेगळे विकत घेतले तर ती बेरीज महाग खोलीच्या जवळ जाऊन पोचते. तेव्हा "स्वस्त" हा शब्द युनिव्हर्सलला जाताना दोनदा तपासा.

वाहतुकीचं म्हणाल, तर 2019 पासून पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन यांच्या मधल्या तळ्यावर स्कायलायनर या रोपवेचं स्थानक आहे. पाळण्यात बसायचं आणि वरून तरंगत हॉलिवूड स्टुडिओज किंवा एपकॉट या पार्कांपाशी उतरायचं, मध्ये कॅरिबियन बीचला पाळणा बदलून. विजा चमकायला लागल्या की तो बंद करतात. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम या बाकीच्या दोन पार्कांना मात्र बसच. म्हणून डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांत मी ऑल-स्टारपेक्षा ही दोन पसंत करते. ऑल-स्टारला सगळीकडे बसच लागते, आणि गर्दी कमी असली की तिन्ही हॉटेलांना मिळून एकच बस फिरते.

दूर असणं हा स्वस्ताईचा नियम सगळीकडे नाही. पॅरिसच्या डिस्नेलँडला 1992 मध्ये पार्कबरोबरच शायेन आणि सांता फे ही प्रत्येकी हजार खोल्यांची हॉटेलं उघडली, आणि तिथून पार्कला पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येतं. उलट टोकियोत 2016 साली आलेलं सेलिब्रेशन हॉटेल पार्कपासून बसच्या अंतरावर आहे. नकाशा उघडून बघितल्याशिवाय बुकिंग करू नका.

आणि आता ज्यांनी जाऊ नये त्यांच्याविषयी, कारण हे मी एकदा चुकले. तिसऱ्या खेपेला सासूबाई बरोबर होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. आम्हाला खोली मिळाली ती लॉबीपासून सगळ्यात लांबच्या इमारतीत. नाश्त्याला जायचं तर चालत, बसला जायचं तर चालत, आणि ते सगळं पार्कमधलं चालणं सुरू होण्याआधी. त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र म्हणाल्या, "तुम्ही जा, मी इथे तळ्याकाठी बसते." मी लॉबीजवळची खोली थोडे जास्त पैसे भरून मागू शकले असते, तशी वेगळी श्रेणीच असते. ते सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. चालायला त्रास असलेलं माणूस बरोबर असेल तर ती श्रेणी घ्याच, नाहीतर मोनोरेलच्या हॉटेलात दिवस कमी करून राहा. अगदी तान्हं बाळ असेल, दुपारी पार्कमधून खोलीवर येऊन निजवायचं असेल, तरी हेच. लग्नानंतर दोघंच जाणार असाल आणि निवांतपणा हवा असेल तर ही हॉटेलं तुमची नव्हेत. व्हरांड्यातून सकाळी सहाला धावणारी पोरं भिंतीतून ऐकू येतात, आणि त्यांना रागवावं असं तिथे कुणालाच वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा सासूबाई तळ्याच्या काठावरच होत्या. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनला जोडणारा पूल तिथून दिसतो. पलीकडचा काठ वर्षानुवर्षं अर्धवट इमारतींसकट पडून होता. पॉप सेंच्युरीचाच दुसरा भाग तिथे व्हायचा होता, 2001 च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर प्रवास आटला आणि काम थांबलं ते थांबलंच. मग तिथे आर्ट ऑफ ॲनिमेशन झालं. हे मी त्यांना सांगत होते, पण त्यांचं लक्ष वर होतं. त्या धाकट्याला जवळ घेऊन पाळणे मोजत होत्या, आणि एकशे बारावर त्याने त्यांना थांबवून पहिल्यापासून मोजायला लावलं.