रेशीम, मीठ आणि बोकडाचा गुडघा

आमच्या प्रयोगशाळेला लागणारा कच्चा माल बाजारातूनच येतो: रेशीम कोष आणि बोकडाचे गुडघे. सांधा न फोडता अख्खा द्यायचा, हे खाटीकदादांना पटवायला वेळ लागला. आता मला बघितलं की तेच विचारतात, "मॅडम, रश्श्याला की कॉलेजला?"

कूर्चेत (सांध्यात हाडांच्या टोकांवर असतो तो गुळगुळीत थर) रक्तवाहिन्या नसतात, म्हणून गुडघ्यातल्या कूर्चेला एकदा खड्डा पडला की तो नीट भरून येत नाही. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ साली रुग्णाच्याच कूर्चापेशी बाहेर वाढवून पुन्हा सांध्यात सोडल्याचे निष्कर्ष छापले. पण पेशी जागेवर राहायला आधार हवा. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या पद्धतीत तो डुकराच्या कोलॅजेनचा (कातडी, कूर्चा यांना बळकटी देणारं प्रथिन) पडदा असतो. माझ्या पीएचडीत तो रेशमाचा आहे.

कोष कापून, आतली अळी काढून, सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात ३० मिनिटं उकळायचे. (त्या दिवशी शेजारच्या लॅबमधलं कुणी आमच्याकडे चहाला येत नाही.) सेरिसिन नावाचा डिंक सुटतो आणि फायब्रॉइनचा, म्हणजे रेशमाच्या मूळ प्रथिनाचा, पांढरा गुंता उरतो. तो वाळवून लिथियम ब्रोमाइड या क्षाराच्या द्रावणात ६० अंशांवर विरघळवायचा आणि मग डायलिसिसच्या पिशवीत भरून क्षार काढायचे. पाणी बदलायला रात्रीही हॉस्टेलवरून यावं लागतं. पिशवी जास्त हलवली तर रेशीम आतच गोठतं.

मला सगळ्यात आवडतो तो मिठाचा टप्पा. चाळून एकाच आकाराचे केलेले दाणे, २ मिलिलिटर द्रावणाला ४ ग्रॅम, वरून हळूहळू भुरभुरायचे. मीठ रेशमातलं पाणी ओढून घेतं, रेशमाचे रेणू घट्ट घड्यांमध्ये बसतात आणि मग पाण्यात विरघळत नाहीत. दोनेक दिवसांनी ती वडी पाण्यात टाकली की मीठ निघून जातं आणि दाण्यांच्या जागी भोकं राहतात. झाला स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना आधार देणारा सच्छिद्र सांगाडा.

खरी कसोटी पेशींची. गुडघ्यावरून कूर्चेच्या पातळ चकत्या काढून, अँटिबायोटिकमध्ये पुन्हा पुन्हा धुऊन (बाजारच्या गुडघ्याबरोबर बुरशी येतेच), रात्रभर कोलॅजेनेजमध्ये (कोलॅजेन तोडणारं विकर) ठेवते आणि सकाळी पेशी गाळून घेते. त्या मोजक्याच मिळतात, म्हणून सपाट डिशमध्ये वाढवाव्या लागतात. तिथे त्या गोल आकार सोडून पसरतात आणि कूर्चेतलं टाइप टू कोलॅजेन बनवायचं सोडून टाइप वन बनवू लागतात. त्यामुळे संख्या थोडी कमी असली तरी मी त्यांना लवकर स्कॅफोल्डमध्ये घालते. माझ्या मते हा सौदा परवडतो.

नंतर आठवडेच्या आठवडे मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदलणं. त्यात दिवाळीसुद्धा येते.

शेवटी काप काढून सॅफ्रानिन-ओने रंगवले. कूर्चेचं द्रव्य तयार झालं असेल तिथे लाल दिसतं. कडेला छान लाल होतं, मधोमध फिकट. पोषण आतपर्यंत झिरपत नाही, ही या क्षेत्रातली जुनी रड आहे. पेपरात मात्र बहुतेक जण कडेचाच फोटो लावतात. सरांनी फोटो बघितले आणि म्हणाले, "मधला भाग दाखव. आणि यावर माणूस उभा राहिला तर?"

म्हणून आता स्कॅफोल्डच्या चकत्या पातळ करतेय. दाबाच्या चाचणीचं यंत्र मेकॅनिकल विभागाकडे आहे, आणि माझा बुकिंगचा अर्ज तिथल्या टेबलावर सहीसाठी पडून आहे.