पंख्याच्या डब्यातून पाणी

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधत होतो. रोहिणी लागून तीन-चार दिवस झाले होते. सकाळी सहालाच घरमालक काकांचा फोन. "रात्री वळीव झाला. हॉलमध्ये छतातल्या पंख्याच्या डब्यातून पाणी ठिबकतंय. स्लॅब गळतोय तुझा!"

पोटात गोळाच आला. गच्चीवर पाणी अडवणारा कोबा झाला होता, कठड्याच्या कडेने वाटा, म्हणजे सिमेंटची गोलसर पट्टी, मारला होता. पावसाचं पाणी जायच्या पाइपांची तोंडं बंद करून दोन दिवस तीन इंच पाणी भरून ठेवलं, तेव्हा खाली टिपूसही उतरला नव्हता. आणि त्याच दुपारी मुंबईहून प्लायवूडचा टेम्पो यायचा होता.

स्लॅब ओतला की घर झालं, आता सुताराला आत घ्या, असंच बहुतेकांना वाटतं. बँकेच्या कर्जाच्या कागदावरही जोतं, स्लॅब, प्लॅस्टर याच पायऱ्या. घर पावसाला बंद झालं का, हे कुणी विचारत नाही. माझ्या लेखी तीच सगळ्यात मोठी पायरी. छप्पर, खिडक्या, दारं, बाहेरच्या भिंतीचे दर्जे (चिऱ्यांमधले सांधे), भिंतीतून आरपार गेलेला प्रत्येक पाइप, यातून पाणी येत नाही अशी खात्री होईपर्यंत प्लाय आणि पीओपी आत जाता कामा नये. प्लाय भिजला की फुगतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. त्यात कोकणचा पाऊस सरळ पडत नाही; पश्चिमेकडून झड येते, आणि चिरा पाणी पितो.

साइटवर पोचलो तर काका कोबा फोडायला माणूस शोधत होते. आमच्या मेस्त्रींनी त्यांना थांबवलं होतं. "स्लॅबाक हात लावू नका. पाणी खंयसून येता ता आधी बघूक होया."

विहिरीवरचा पंप लावला आणि नळी घेतली. पाणी मारायचं ते खालून वर. आधी खिडकीचा उंबरा, मग बाजू, मग वरचा छज्जा. प्रत्येक जागी पाच-सात मिनिटं थांबायचं आणि आत एक माणूस उभा ठेवायचा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि चोर सापडत नाही.

पहिल्याच पश्चिमेच्या खिडकीत आतून हाक आली. अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या पट्टीत पाणी तुंबून आतल्या बाजूने कट्ट्यावर सांडत होतं. वाकून पाहिलं. त्या पट्टीला बाहेरच्या अंगाने पाणी जायला बारीक भोकं असतात, ती बसवणाऱ्याने सिलिकॉन लावून बुजवली होती. त्याला वाटलं, भोक म्हणजे गळती! चाकूच्या टोकाने ती मोकळी केली, आणि पाणी भराभर बाहेर पडायला लागलं. सहाही खिडक्यांचं तेच.

पण पंख्याचा डबा अजून कोरडाच. कठड्यावर नळी धरली, तेव्हा चौथ्या मिनिटाला खालून आवाज आला, "इला, इला!" कठड्यातून विजेचा एक पाइप वर काढून ठेवला होता, पुढेमागे गच्चीवर दिवा लावायला. तोंड आभाळाकडे उघडं, कोब्यापासून दीड फूट उंच. म्हणून भरलेल्या तीन इंच पाण्यात तो सापडला नाही. त्यात पडलेलं पाणी स्लॅबच्या पोटातून बारा-तेरा फूट चालत हॉलच्या डब्यात उतरत होतं. तारा ओढलेल्या नव्हत्या हे नशीब. ओढलेल्या असत्या तर काय झालं असतं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. ते तोंड बुजवायचं माझ्या यादीतच नव्हतं. चूक माझी होती, तसं काकांना सांगितलं.

वायरमनने पाइपाला छत्रीच्या मुठीसारखा बाक देऊन तोंड खाली केलं आणि बूच लावलं. टेम्पोतला प्लाय शेजारच्या पडवीत उतरवला. काका नाराज होते, पण मी हटलो नाही.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस रात्रभर कोसळला. काकांनी डब्याखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. सकाळी त्यांनी ते उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं, हाताने चाचपलं आणि मेस्त्रींना म्हणाले, "प्लाय आत घ्या."