खिशातला बिस्किटांचा पुडा

वेटिंगमधल्या बाकावर एक पेशंट बसल्या बसल्या झोपला होता आणि त्याचं घोरणं केबिनपर्यंत ऐकू येत होतं. मध्येच आवाज बंद पडायचा, दहा-बारा सेकंद काहीच नाही, मग गचका बसून पुन्हा सुरू. सिस्टर हसत होत्या. मला हसू येईना, कारण केसपेपरवर व्यवसाय लिहिला होता: ट्रक ड्रायव्हर. सांगली भागात ऊसवाहतूक, तीही गळीत हंगाम ऐन भरात असताना.

वय 45, वजन 118 किलो, उंची 168 सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) जवळपास 42. आपल्या लोकांमध्ये 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. आला होता गुडघ्यासाठी. सोबत बायको आणि मेहुणा. मेहुण्याने आल्या आल्या सुरुवात केली, "दाजींचा तोंडावर ताबा नाही. तुम्हीच जरा खडसावा, डॉक्टर."

खडसावण्याचं काम आधीच्या डॉक्टरांपासून भावकीपर्यंत सगळ्यांनी चोख केलं होतं. तीन वर्षांपूर्वी दोनवेळच्या जेवणावर राहून त्याने 14 किलो उतरवलेही होते. वर्षभरात व्याजासकट परत आले. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं. शरीर जुन्या वजनाकडे ओढत राहतं. हे सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

शर्टाच्या खिशात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता. बायको म्हणाली, "बघा, हे असं!" मी विचारलं, कधी खाता? "अकराच्या सुमाराला हातपाय थरथरतात, घाम फुटतो. खाल्लं की बरं वाटतं." मधुमेहाच्या गोळ्या बघितल्या. सकाळी ग्लिमेपिराइड, तेही मोठ्या डोसमध्ये, आणि पहाटेच खेपेला निघाल्यामुळे नाश्त्याला बुट्टी. साखर खाली येत होती, म्हणून बिस्किटं. बिस्किटांनी साखर वर, म्हणून गोळी वाढवलेली. त्यात ही गोळी मुळात वजन वाढवणारी. 'बिस्किटं बंद करा' असं फायलीत दोनदा लिहिलेलं होतं. का खातोस, हे कुणी विचारलं नव्हतं. याचा मला राग आला, अजूनही येतो.

गोळी कमी केली, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी ठेवली, स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, लिहिली. रिपोर्ट आल्यावर कळलं, झोपेत तासाला चाळीसहून जास्त वेळा श्वास अडत होता, म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया. पण रिपोर्टआधी, पहिल्याच दिवशी सांगावं लागलं, की उपचार होईपर्यंत गाडी चालवायची नाही. तिथे तो भडकला. "कारखाना थांबतो का साहेब? मालक दुसरा ड्रायव्हर बघेल." बायकोने खालच्या आवाजात सांगितलं, की मागच्या आठवड्यात गाडी चारीत जाता जाता राहिली होती. ही गोष्ट मेहुण्यालाही माहीत नव्हती.

मेहुण्याला इंजेक्शन हवं होतं. आठवड्याला एक घ्यायचं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइड 2025 पासून आपल्याकडे लठ्ठपणासाठी मिळतं आणि औषध म्हणून ते चांगलंच आहे. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. ब्लडप्रेशरच्या गोळीसारखं दीर्घकाळ घ्यायचं औषध हंगामी कमाईवर किती महिने परवडेल, याचा हिशोब आधीच करायला हवा. शिवाय ग्लिमेपिराइडच्या जोडीला दिलं तर साखर आणखी उतरण्याची भीती.

झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन भाड्याने मिळालं. महिन्याने वजन फक्त तीन किलोंनी कमी होतं. मेहुणा नाराज झाला, मी नाही: थरथर थांबली होती, दिवसा डुलकी येत नव्हती आणि मालकाने तोवर त्याला वजनकाट्यावरच्या नोंदींचं काम दिलं होतं. आता बॅरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे पाठवलंय. बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा निदान 35 असेल आणि सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासारखा आजार असेल, तर विमा कंपनी ही सर्जरी नुसती 'वजनाची' म्हणून नाकारू शकत नाही. मात्र आधीचे उपाय फसल्याची नोंद लागते. ती फाईल बायको गोळा करते आहे. मेहुण्याचं म्हणणं अजून तेच, "ऑपरेशनआधी एकदा इंजेक्शन बघू की!"