पत्र्यावरचे दगड

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघरातील फळीवरचे डबे एकमेकांवर आपटू लागले, तेव्हा मी दात घासत होतो. तीस वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यात भूकंपग्रस्त घरांच्या मजबुतीकरणावर काम केलेला आणि ‘धक्का बसत असताना जिन्याकडे पळू नका’ असे लोकांना शेकडो वेळा सांगितलेला मी, तोंडात ब्रश तसाच ठेवून थेट जिन्याकडे पळालो आणि तीन पायऱ्या उतरल्यावर भानावर आलो. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा, त्याहून सौम्य धक्का जाणवला, तोवर गल्लीतील सगळे जण रस्त्यावर आले होते. पहिल्या धक्क्याची तीव्रता ४.५ आणि दुसऱ्याची ३.६ असल्याचे थोड्या वेळाने कळले. केंद्र आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूरच्या बाजूला होते.

आमच्या भागाला जमिनीचे बोलणे नवे नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षे जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो, भांडी वाजतात, अधूनमधून हादराही बसतो आणि लोक क्षणभर थांबून पुन्हा कामाला लागतात. या सवयीचीच मला अधिक भीती वाटते. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस किल्लारीलाही असेच लहान धक्के सुरू झाले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले, धक्के थांबल्यावर पुन्हा घरात गेले. आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपतीचे विसर्जन करून गाव झोपलेले असताना, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जे झाले ते झाले. लहान धक्क्यांच्या मागून मोठा येतोच असे नाही, बहुतेक वेळा येत नाही. पण येणार नाही अशी हमीही त्यातून मिळत नाही.

मी बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच लागलेली असल्याने निम्मे सहकारी निवडणुकीच्या कामात अडकले होते, त्यामुळे त्या दिवशी तीन गावांतील शाळा, अंगणवाड्या आणि मोडकळीस आलेली घरे पाहून अहवाल देण्याचे काम माझ्या एकट्याकडे आले. त्याच सकाळी प्रशासनाने नागरिकांना एक आवाहन केले होते : घराच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत. वाचायला अगदी साधे वाक्य, पण माझा सगळा दिवस त्यातच गेला.

पहिल्या दोन गावांत फार वेळ लागला नाही. शाळेच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग दाखवून गुरुजी काळजीने विचारत होते की ही आजची आहे का. भेगेत विजेरीचा उजेड टाकला तर आत कोळ्याचे जाळे आणि चुन्याचा जुना थर दिसला. ताजी भेग आतून स्वच्छ असते, तिच्या कडा तीक्ष्ण असतात आणि खाली फरशीवर चिमूटभर भुकटी पडलेली असते. ही भेग पाया खचल्याची होती आणि निदान चार पावसाळे जुनी होती. तशी नोंद करून मी दुपारी बाराच्या सुमारास तिसऱ्या गावात पोहोचलो.

मार्च म्हणजे आमच्याकडे हळदीचा हंगाम. गावाबाहेर हळद शिजवण्याच्या टाक्यांचा धूर निघत होता, उघड्या रानात शिजलेली हळद वाळत घातलेली होती आणि सकाळी जीव मुठीत धरून बाहेर पळालेली माणसे दुपारी त्या कामावर रुजू झालेली होती. सरपंच आणि ग्रामसेवक मात्र पारावर थांबले होते. तिघेही वस्तीतून चालू लागलो तेव्हा मी भिंतींकडे नव्हे, तर वर पाहत होतो.

ज्यांनी अशी घरे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. किल्लारीच्या परिसरात माणसे मेली ती माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली. दगडाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या, बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये गोट्यांचा भराव. या दोन पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. आणि डोक्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढवत नेलेली माती. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती असली तरी ते ओझे आठ टनांच्या आसपास जाते. मजबुतीकरणाच्या कामात आम्ही प्रथम ती माती उतरवत असू, मग भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालत असू, जाळी आणि सिमेंटचा पट्टा चौफेर फिरवत असू आणि लाकडी खांब व तुळई यांच्या जोडाला तिरके आधार देत असू. त्या भूकंपानंतर मराठवाड्यातील लोकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि जमेल त्याने माती काढून पत्रे टाकले. ते योग्यच झाले. फक्त भिंती त्याच राहिल्या, आणि पत्रे जागच्या जागी धरून ठेवायला हुकांऐवजी दगड आले.

एका घराच्या छपरावर मी मोजले : एकतीस दगड. काही मुठीएवढे, काही दोन्ही हातांनी उचलावे लागतील एवढे. सरपंचांनी एका तरुणाला वर चढवून ते उतरवायला सांगितले, तेव्हा घरमालक हात बांधून म्हणाला, ‘‘साहेब, काढा की. पण पुढच्या महिन्यात वावधान सुटलं तर पत्रे तुम्ही येऊन धरणार का?’’

त्याचे म्हणणे चूक नव्हते. भूकंप कधी येईल हे कोणालाच ठाऊक नाही. एप्रिल-मेमधला अवकाळी वारा मात्र दरवर्षी येतो आणि उडालेला पत्रा मान कापू शकतो. दगड काढा असे सांगणाऱ्या आम्ही दगडाच्या जागी काय लावायचे ते सांगितले नव्हते. भोवती जमलेल्या एका पोराने आणखी एक युक्तिवाद केला : साडेचारचा धक्का या घराने पचवला, एक दगडही हलला नाही, म्हणजे घर पक्के आहे, आणि असे छोटे धक्के बसले की जमिनीतला जोर निघून जातो, मग मोठा येत नाही. ही दोन्ही वाक्ये मी १९९५ पासून ऐकत आलो आहे. मी पारावरच्या धुळीत काडीने हिशेब मांडला. तीव्रतेचा आकडा एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, म्हणजे सकाळच्या धक्क्याच्या साधारण साडेतीनशेपट. तेवढा जोर अशा धक्क्यांनी निघून जायचा तर आजच्यासारखे साडेतीनशे धक्के बसावे लागतील. पोरगा गप्प झाला, पण पटल्याचे काही त्याच्या चेहऱ्यावर दिसले नाही. आकडा खरा असला तरी तो त्यांच्या व्यवहारातला नव्हता.

व्यवहारातला आकडा ग्रामसेवकांना सुचला. जवळच एका शेतकऱ्याच्या अंगणात हळद मोजायचा काटा मांडलेला होता. उतरवलेले दगड त्यांनी गोणीत भरायला लावले आणि एकेक गोणी काट्यावर ठेवली. एकूण भरले दोन क्विंटल चौदा किलो. घरमालक काट्याकडे पाहत राहिला. त्याची खाट, दोन लेकरांची अंथरुणे आणि शेगडी या सगळ्यांच्या वर दोन क्विंटलांहून अधिक माल ठेवलेला आहे, आणि तोही मातीच्या भिंतीवर नुसत्या टेकवलेल्या बल्ल्यांवर, हे त्याला कोणी कधी मोजून दाखवलेच नव्हते. अभियंता म्हणून माझ्या तीस वर्षांच्या बोलण्याने जे साधत नव्हते ते त्या काट्याने दहा मिनिटांत साधले, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. त्यानंतर सहा-सात घरांतून आपणहून बोलावणे आले.

आता पर्याय सांगणे भाग होते. कायमचा उपाय म्हणजे पत्र्याला छिद्र पाडून, खालच्या पाइपला किंवा बल्लीला अडकणारे हूक, वर रबरी वायसर आणि नट. छिद्र पन्हाळीच्या उंचवट्यावर पाडायचे, खोलगट भागात नाही, नाहीतर पावसात घर गळते. पण त्या दिवशी गावात हूक नव्हते. तात्पुरते म्हणून पत्र्यावरून आडवी जाड तार ताणून ती दोन्ही बाजूंना जमिनीत पक्क्या ठोकलेल्या खुंट्यांना बांधायची आणि अगदीच वजन लागेल तिथे मातीने अर्धी भरलेली गोणी सपाट पसरून ठेवायची असे ठरले. गोणीलाही वजन असते हे मला कळते, पण ती दगडासारखी घरंगळत नाही आणि एका टोकावर आपटत नाही. कागदावर हे उत्तर कोणत्याही परीक्षकाने कापले असते. गावात दुपारी तीन वाजता तेच उत्तर शक्य होते.

शेवटचे घर एका सत्तरीतल्या आजींचे होते. छपरावर अकरा दगड आणि त्यांच्या जोडीला फुटलेल्या जात्याची वरची तळी, नेमकी खाटेच्या उशाच्या वर. मी ‘‘आजी, हे तरी काढू द्या’’ म्हणालो. त्या उंबऱ्यावर बसून हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी पान लावत होत्या.

‘‘ते माझ्या सासूचं जातं हाय. खाली ठेवलं तर कोणी बी उचलून नेईल.’’

‘‘पण रात्री डोक्यात पडलं म्हणजे?’’

‘‘मी आत झोपते कुठं? त्र्याण्णव सालापासून अंगणातच झोपते. पावसाळ्यात तेवढी ओसरीवर.’’

मला क्षणभर बोलायला काही सुचले नाही. किल्लारी तिथून कितीतरी दूर. त्या वर्षी या गावात नुसते हादरे जाणवले असतील. तरीही एकतीस वर्षे ही बाई आपल्या परीने तयारीत होती आणि त्या तयारीत जात्याचा अडथळा नव्हता. घरात कोण झोपते असे विचारल्यावर म्हणाल्या, नातू, परीक्षेच्या अभ्यासाला आलेला. मग स्वतःच थोडा वेळ वर पाहत राहिल्या आणि नातवाला हाक मारून म्हणाल्या, ‘‘खाट तिकडं सरकव रे, दाराजवळ.’’ जाते त्यांनी काढू दिले नाही. मी माझ्या वहीत ‘धोका कायम, खाट हलवली’ अशी नोंद केली. अहवालाच्या तक्त्यात अशा नोंदीसाठी रकाना नव्हता, म्हणून ती शेऱ्यात गेली.

मे महिन्यात निवडणुकीची गडबड संपल्यावर मी त्या गावाला पुन्हा गेलो. पहिल्या दोन जोराच्या वाऱ्यांनंतर जवळपास अर्ध्या घरांवर दगड परत चढले होते. काट्यावर दगड मोजलेल्या त्या घरमालकाने मात्र हूक मारून घेतले होते आणि एक तिथे दोन असे जास्तीचे मारून घेतले होते. तारेच्या खुंट्या बऱ्याच ठिकाणी लेकरांना अडखळायला होतात म्हणून उपटल्या गेल्या होत्या, आणि ही चूक माझी होती, कारण खुंटी भिंतीलगत न ठोकता हातभर पुढे ठोकायला मीच सांगितले होते.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला, या वेळीही कळमनुरी तालुक्यातच. या खेपेला मी जिन्याकडे न पळता दाराजवळच्या टेबलाखाली गेलो. बायको अजून त्यावरून हसते. नऊ वाजता सरपंचांचा फोन आला. ‘‘साहेब, चाळीस घरांचे हूक एकदम आणतो म्हणतोय. किती इंची घ्यायचे?’’ मी सांगितले, पाइपची जाडी आणि पन्हाळीची उंची मोजून फोटो पाठवा, त्यावरून ठरवू. अर्ध्या तासाने फोटो आला. पाइपला लावलेली टेप, तिच्यावरचा सव्वादोन इंचाचा आकडा आणि पाठीमागे आजींच्या घराचा पत्रा. त्यावरचे अकरा दगड गेले होते. जात्याची तळी तिथेच होती, फक्त आता ती तारेने पाइपला बांधलेली होती.