बेळगावात प्रोबेट: वेळ नेमका कुठे जातो

प्रोबेटला, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याला, किती दिवस लागतात, हे विचारण्याआधी ते लागतंय का हे पाहा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं घर किंवा शेत असेल आणि मृत्युपत्र इथल्या हिंदू वा जैन माणसानं केलेलं असेल, तर प्रोबेट कायद्यानं सक्तीचं कधी नव्हतंच. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणून इथेही सक्ती, असा समज अजून कानावर येतो. ती सक्ती मुंबई शहरात केलेल्या मृत्युपत्रांना आणि तिथल्या स्थावर मिळकतीला होती. भारतीय वारसा कायद्यातलं ते सक्तीचं कलम 213 सुद्धा 2025 च्या निरसन व दुरुस्ती कायद्यानं वगळलं आहे.

तरीही वारसांत कुरबुर असेल किंवा एखादी बँक अडून बसली असेल, तर प्रोबेट घेऊन ठेवावं. कोणाची हरकत नसेल तर साधारण सहा महिने ते वर्ष धरा. हरकत आली की कलम 295 प्रमाणे प्रकरण दाव्यासारखं चालतं, आणि मग वर्षं मोजावी लागतात.

प्रोबेट फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या माणसालाच, मिळतं. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती मृत्युपत्रांत असं नावच नसतं. अशा वेळी मृत्युपत्र जोडून 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन'चा, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याच्या कोर्टाच्या अधिकारपत्राचा, अर्ज करायचा. मृत्यूनंतर पूर्ण 7 दिवस गेल्याशिवाय प्रोबेट आणि 14 दिवस गेल्याशिवाय लेटर्स देता येत नाहीत. पण उशीर होतो तो या दिवसांमुळे नाही.

पहिली अडचण भाषेची. मृत्युपत्र मराठीत, कोर्टाचं काम कन्नड-इंग्रजीत. कलम 277 नुसार अर्जासोबत भाषांतर जोडावंच लागतं: कोर्टात त्या भाषेचा भाषांतरकार नेमलेला असेल तर त्याच्याकडून, नसेल तर जाणकार माणसाकडून, त्याच्या सत्यापनासह. हे काम अर्ज लिहायच्या आधीच उरकून घ्या. त्याच वेळी नावंही जुळवा. उताऱ्यावर कन्नडमध्ये एक नाव, आधारवर दुसरं, मृत्युपत्रात आडनावासह तिसरं, असं इथे नेहमीचंच. ही एकच व्यक्ती आहे, हे प्रतिज्ञापत्रानं सुरुवातीलाच सांगितलं तर पुढची तारीख वाचते.

दुसरी अडचण नोटिशीची, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. सर्व वारसांना कळवावं लागतं. मृत्युपत्रात काहीच न दिलेल्या, कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडला नांदणाऱ्या लेकींनासुद्धा. त्यांची नावं गाळून अर्ज लवकर निघेल असं वाटतं, पण योग्य नोटीस न देता मिळालेलं प्रोबेट पुढे रद्द होऊ शकतं. अपुऱ्या पत्त्यावरची पाकिटं परत येतात आणि प्रत्येक परतीला नवी तारीख पडते. सगळ्यांचे आजचे पूर्ण पत्ते आधी गोळा करा. ज्यांची हरकत नाही त्यांनी कोर्टात तसं लेखी दिलं तर काम खूप हलकं होतं.

तिसरी गोष्ट साक्षीदार. मृत्युपत्रावर दोघांच्या सह्या लागतात. त्यातला एक तरी हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल तर त्याला कोर्टात उभं करावंच लागतं. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी यातून सुटका नाही. दोघेही हयात नसतील तर निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही सिद्ध करायची. म्हणून मृत्युपत्र करतानाच आपल्यापेक्षा तरुण साक्षीदार निवडावेत.

सीमेवरच्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कलम 273 मध्ये आहे. जिल्हा न्यायाधीशांचं प्रोबेट कर्नाटकभर चालतं. राज्याबाहेरची मिळकत 10,000 रुपयांच्या आत असल्याचं त्यांनी प्रमाणित केलं तरच ते इतर राज्यांत लागू होतं. कोल्हापुरात फ्लॅट असेल तर ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. उच्च न्यायालयाचं प्रोबेट मात्र देशभर चालतं. म्हणून दोन्हीकडे मिळकत असेल तर पहिला अर्ज कुठे करायचा, ते वकिलाशी बोलून आधी ठरवा. बेळगावकरांसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ धारवाडला आहे.

प्रोबेट कोर्ट मृत्युपत्र खरं की नाही एवढंच ठरवतं. जमीन वडिलार्जित होती की स्वकष्टाची, हा वाद तिथे सुटत नाही. त्याला वेगळा दिवाणी दावा लागतो. प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. उताऱ्यावर नाव चढवण्याचा अर्जही स्वतंत्र करावा लागतो.