किंबर्ली : उधाणाच्या पाण्यावरून उड्डाण

किंबर्लीला कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेऊन जायचं असेल, तर हवामानाच्याही आधी भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बघा. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाच्या या प्रदेशात किनाऱ्यावर डर्बी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक अकरा मीटरच्या वर जातो. मुंबईत पाच मीटरच्या जवळपास भरती आली की ती बातमी होते! डर्बीच्या धक्क्याला भरतीला हिंदकळणारं पाणी सहा-एक तासांत तीन मजले खाली उतरलेलं असतं. मागे उरतो नजर पोचेल तिथवर करडा-तपकिरी चिखल. किंबर्लीत बघण्यासारखं जे जे आहे, त्यातलं बरंचसं या पाण्याच्या ये-जा करण्यातून घडलंय, असं माझं ठाम मत झालंय.

आम्ही पर्थहून निघालो. मी, बायको, मुलगी आणि दापोलीहून आलेली आई. पर्थ ते किंबर्लीतलं ब्रूम साधारण २,२०० किलोमीटर. त्यातला पोर्ट हेडलंडनंतरचा ६०० किलोमीटरचा पट्टा खरी परीक्षा घेतो. मध्ये इंधन-जेवणाची दोन-तीन रोडहाऊस, बाकी स्पिनिफेक्स गवत आणि सरळ रस्ता. समोरून पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, येते, तेव्हा तिचा वारा कॅरॅव्हॅनला आधी बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढतो. अशा वेळी स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि ब्रेकला हात लावायचा नाही. यूएचएफ रेडिओ चॅनल ४० वर सुरूच ठेवा. मागून येणारे ट्रकवाले ओव्हरटेक करण्याआधी त्यावर सांगतात. सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचाच, कारण अंधार पडला की कांगारू आणि मोकाट गुरं थेट रस्त्यावर येतात.

ब्रूमच्या केबल बीचवरच्या सूर्यास्ताबद्दल सगळेच लिहितात. मला तिथली जपानी दफनभूमी जास्त आठवते. मोत्यांच्या शिंपल्यांसाठी समुद्रात उतरलेल्या नऊशेहून अधिक माणसांच्या कबरी तिथे आहेत. कुणी पाणबुड्यांच्या आजाराने गेलं, कुणी वादळात.

ब्रूमहून डर्बी २२० किलोमीटर. वाटेत बोआब झाडं दिसायला लागतात. एकाच्या फुगलेल्या बुंध्यावर हात ठेवून आई म्हणाली, "अरे, ही तर आपली गोरखचिंच!" जवळजवळ बरोबर होतं तिचं. कोकणातली गोरखचिंच मूळची आफ्रिकेतली, आणि बोआब हे तिचंच भावंड, फक्त वायव्य ऑस्ट्रेलियात वाढणारं. डर्बीच्या वेशीवरच्या एका जुन्या बोआबला 'प्रिझन ट्री' म्हणतात. त्यात कैदी कोंडत याला पक्का पुरावा नाही. पण मोत्यांच्या धंद्यासाठी आदिवासींना गळ्यात साखळ्या घालून किनाऱ्याकडे आणत, हे मात्र खरं आहे. झाडाला कुंपण आहे. स्थानिक लोकांसाठी ते पवित्र आहे, बाहेरूनच बघावं.

डर्बीहून विमानाने हॉरिझॉन्टल फॉल्स, म्हणजे भरती-ओहोटीने होणारा समुद्रातला आडवा धबधबा, बघायचा होता. संध्याकाळी आईने विचारलं, "आज तिथी कोणती रे?" पौर्णिमा होती. "मग परवा खरं उधाण. विमान परवाचं घे." दुसऱ्या दिवशी बुकिंगच्या खिडकीतल्या बाईंनीही तोच दिवस सुचवला. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असण्याच्या, दिवसांत धबधब्यात दम नसतो, असं त्या म्हणाल्या.

विमान छोटं. चढण्याआधी प्रत्येकाचं वजन होतं आणि त्यावरून जागा ठरतात. आईला खिडकी मिळाली. उडाल्यावर आधी लागतं किंग साउंड नावाचं आखात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात खाड्यांचे फाटे झाडाच्या फांद्यांसारखे पसरलेले दिसतात. फिट्झरॉय नदीचा गाळ मागे पडला की पाणी एकदम हिरवं-निळं होतं आणि बक्कनीअर द्वीपसमूह सुरू होतो. लाल खडकाची शेकडो बेटं. प्रत्येक बेटाच्या टोकाला प्रवाह चिरल्याच्या पांढऱ्या रेघा. कूलन बेटावर लोखंडाच्या खनिजाची खाण समुद्रसपाटीच्याही खाली गेली आहे, मध्ये फक्त एक बांध. २०१४ मध्ये तो फुटून खाण बुडाली होती. नवा बांध घालून २०१९ मध्ये काम पुन्हा सुरू झालं.

आणि मग टॅलबट बे हा उपसागर. मॅकलार्टी डोंगररांगेच्या दोन समांतर भिंती, दोन्हींत एकेक अरुंद फट. बाहेर समुद्र भराभर उतरतो, पण आतल्या पाण्याला तेवढ्या वेगाने बाहेर पडता येत नाही. आत-बाहेर पाण्याच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो आणि समुद्र आडवाच कोसळायला लागतो. हेच ते हॉरिझॉन्टल फॉल्स. पायलटने दोन्ही बाजूंना घिरट्या घातल्या. फटीच्या अलीकडचं पाणी काचेसारखं ताणलेलं, पलीकडे नुसता फेस आणि गरगरणारे भोवरे. भरती लागली की हाच धबधबा उलट्या दिशेला वाहतो.

या जागेचं मूळ नाव गारान्गाडिम. ती दांबिमांगारी या इथल्या आदिवासी लोकांची आहे. फटींतून वेगाने बोटी नेऊ नयेत, असं ते सांगत आले आहेत. मार्च २०२८ नंतर त्या फेऱ्या बंद होणार आहेत. "बंद व्हायच्या आत करून घ्या," असा सल्ला कॅरॅव्हॅन पार्कमध्ये बऱ्याच जणांनी दिला. मला तो अजिबात पटला नाही. ज्यांची जागा आहे ते नको म्हणतात, तर मुदत संपायची वाट कशाला बघायची? आम्ही फक्त विमानाचं तिकीट काढलं होतं, आणि पुन्हा गेलो तरी तेवढंच काढू.