थायरॉईडच्या गाठीची आरएफए आणि टीपीएच्या क्वेऱ्या

गाठ दिसायला वाईट दिसते एवढ्यासाठी मी उपचार घ्यायला निघाले नव्हते. पोळीचा घास अडकायचा, उताणं झोपलं की गळ्यावर दाब यायचा. तरी टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं, पत्र आलं : 'उपचार कॉस्मेटिक वाटतात, खुलासा करावा.' अजूनही आठवलं की संताप होतो.

तोवर सगळं सुरळीत होतं. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) नॉर्मल, एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) दोनदा, दोन्ही वेळा बेथेस्डा 2, म्हणजे गाठ कॅन्सरची नाही. अर्धी ग्रंथी काढायची की आरएफएने, म्हणजे रेडिओ लहरींच्या उष्णतेने सुईतून, गाठ आतूनच जाळायची, एवढंच ठरवायचं होतं. माझी गाठ भरीव. पाण्याची असती तर पाणी काढून आत अल्कोहोल सोडतात, त्यातही काम भागतं. मी आरएफए निवडली.

गाडी अडली ती नागपूरच्या धंतोलीतल्या हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर. आधी कॉस्मेटिक, मग '24 तास भरती नाही', मग 'ऑपरेशन का नाही?' एका क्वेरीचं उत्तर दिलं की दुसरी हजर. डेस्कवरचा मुलगा बिचारा म्हणायचा, "काकू, वरूनच आलंय." विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा म्हटलंय, मी मात्र दिवसच्या दिवस त्या खुर्चीवर काढले.

शेवटी डॉक्टरांकडून पत्र नव्याने लिहून घेतलं : पहिल्याच ओळीत गिळण्याचा त्रास, मग गाठीची तिन्ही मापं, दोन्ही एफएनएसीच्या तारखा, आणि अर्धी ग्रंथी काढल्यावर थायरॉईडची गोळी कायमची मागे लागू शकते हे कारण. पॉलिसीतलं डे-केअरचं (24 तास भरती न लागणाऱ्या उपचारांचं) पान खुणा करून जोडलं. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहिलं, आणि पुढे पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन हेही कळवलं. त्यानंतर मंजुरी आली. भांडले त्याचं समाधान आहे.

आरएफए मात्र सोपी गेली. गळ्यापुरती भूल, सोनोग्राफीत बघत सुई थोडी थोडी सरकवतात. मधेच आत फट् असा आवाज येतो, घाबरू नका. आवाजाच्या नसेला धक्का लागला नाही ना, हे बघायला डॉक्टर बोलायला लावत होते. संध्याकाळी घरी आले.

हो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि गाठ लगेच जात नाही, हळूहळू आक्रसते. सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत माझी निम्म्याहून कमी झाली होती. क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, तोंडी उत्तरावर डेस्कवरून उठू नका.